आडनावाची फ्रेम: कागद उत्तम, मजकूर बरा, ढाल मात्र भलत्याचीच

लग्नाला, बाप्तिस्म्याला किंवा नव्या घराच्या आशीर्वादाला काय न्यावं हा प्रश्न पडला की गोव्यातली भेटवस्तूंची दुकानं हल्ली एक वस्तू पुढे करतात: आडनावाची फ्रेम. चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा पिवळट जाड कागद, मधोमध वळणदार अक्षरात आडनाव, वर रंगीत ढाल आणि खाली दीडशे-दोनशे शब्दांत 'तुमच्या घराण्याचा उगम'. ए-४ आकार १,८०० रुपयांना, ए-३ आकार २,८०० ला. ६,५०० रुपयांना 'वंशशोध अहवाल' नावाची फाइलही मिळते. दुकानाचं नाव इथे देत नाही. पणजी, म्हापसे, मडगाव कुठेही गेलात तरी बहुतेकांकडे बाहेरून आणलेली तीच तयार यादी संगणकात असते, तेव्हा एकालाच धरून उपयोग नाही. काउंटरवर नाव टाइप करतात, मजकूर उमटतो, प्रिंट निघते.

आधी मजकूर पाहू, कारण पैसे त्याचेच घेतात.

युरोपातली आडनावं ढोबळमानाने चार मुशींतून निघालेली आहेत: बापाचं नाव, गावाचं किंवा जागेचं नाव, धंदा आणि टोपणनाव. फ्रेममधला मजकूर बापाच्या नावाच्या बाबतीत सगळ्यात भरवशाचा असतो. फर्नांडिस म्हणजे फेर्नांदोचा, रॉड्रिग्स रोद्रिगोचा, आल्वारिस आल्वारोचा, हेन्रिक्स एन्रिकचा, नुनीस नुनोचा. जुन्या लॅटिन दस्तऐवजांत 'रोदेरिकी', म्हणजे रोद्रिगोचा, असं रूप सापडतं आणि शेवटचा 'एस' त्यातूनच आला असं बहुतेक मानतात. यातली बरीच मूळ नावं पोर्तुगीजही नाहीत आणि लॅटिनही नाहीत. ती व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीने आणलेली. त्यांचं राज्य इबेरियात ७११ पर्यंत टिकलं आणि त्या वर्षी अरब-बर्बर फौजांपुढे पडलेल्या राजाचं नावच रोद्रिगो होतं. 'कीर्ती' आणि 'सत्ता' या दोन शब्दांची ती जोडणी आहे. फेर्नांदोच्या बाबतीत दुसरा तुकडा 'धाडस' हे नक्की, पण पहिला 'शांती' की 'प्रवास' यावर एकमत नाही. फ्रेम मात्र ठणकावून 'साहसी प्रवासी' छापून मोकळी होते. भिंतीवर ते छान दिसतं, म्हणून तेवढं सोडून देऊ.

सोडून देण्यासारखं नाही ते पुढचं वाक्य: 'फर्नांडिस हे एक प्राचीन घराणं आहे.' असं एक घराणं कधीच नव्हतं. मध्ययुगात हा शेवट पिढीगणिक बदलायचा. आल्वारोचा मुलगा फेर्नांदो आल्वारिस, त्याचा मुलगा नुनो फर्नांडिस, त्याचा मुलगा कोणीतरी नुनीस. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं आणि दर पिढीत बदलतं. एखाद्या दिवशी ते जिथल्या तिथे गोठलं आणि पुढच्या सगळ्यांना तेच चिकटलं, असं समजा. पोर्तुगालात मध्ययुग सरता सरता तसं झालं. जितके फेर्नांदो त्या वेळी पोरंबाळं बाळगून होते, तितकी फर्नांडिस कुटुंबं सुरू झाली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली. आइसलंडात हा प्रकार अजून गोठलेलाच नाही. तिथे आजही बापाच्या नावाला मुलगा किंवा मुलगी असा शेवट लावून काम भागतं.

या गटातली झिजलेली नावं यादीतून निसटतात. वाझ हे वास्कोचं अपत्य: वास्केस, मग वाझ. डायस दिओगोपासून, पिरीस पेरो म्हणजे पेद्रोपासून, मेंडिस मेंदोपासून. लोपिस हा लोपोचा आणि लोपो म्हणजे लांडगा, तर लोबो म्हणजे थेट लांडगाच; दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची पिल्लं. यादीत वाझ शोधल्यास 'मूळ अज्ञात' असं येताना दिसतं. अशा वेळी दुकानदाराला 'वास्केस'खाली पाहायला सांगा, मजकूर मिळतो. मराठी वाचकाला ओळखीचे फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेज्विट, त्यांचं आडनावही याच जातीचं: स्टीफनचा. पोर्तुगीज कागदांत त्यांचं एस्तेव्हांव झालं. तंतोतंत जोड लावायची तर ती एस्टेवीस या आडनावाशी लागते, आणि तेही गोव्यात आहेच.

जागेच्या नावांत मजकूर डळमळू लागतो. डिसोझाला यादीतला एखादा नोंदकर्ता 'खडकाळ जमीन' देतो. खरं तर सोझा ही उत्तर पोर्तुगालातली नदी, पोर्तूच्या वरच्या अंगाला दोरू नदीला मिळणारी, आणि आडनाव त्या खोऱ्यावरून आलं. डिसिल्वातलं सिल्वा म्हणजे लॅटिनमध्ये रान. आजच्या पोर्तुगीजमध्ये मात्र तोच शब्द काटेरी झुडपाला वापरतात, म्हणून काही फ्रेमवर 'काटेरी' असा अर्थ छापून येतो आणि घेणाऱ्याचा चेहरा पडतो. आल्मेदा हे सीमेजवळचं किल्ल्याचं गाव, अरबी शब्दाने 'मेज', म्हणजे सपाट माथा. नोरोन्हा स्पेनच्या आस्तुरियातल्या नोरेन्यावरून आलं. फॉन्सेका म्हणजे आटलेला झरा, सिक्वेरा म्हणजे कोरडी जमीन.

झेवियरचं उदाहरण गोव्यात तरी चुकू नये, आणि नेमकं तेच चुकतं. बहुतेक फ्रेमवर 'अरबी शब्द, अर्थ तेजस्वी' असं असतं. बाळांच्या नावांच्या याद्यांमधून उचललेली ही थाप आहे. झेवियर हे स्पेनच्या नाव्हार प्रांतातल्या एका गढीचं नाव. मूळ बास्क भाषेतलं, 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवं. बोम जेजूच्या बासिलिकेत ज्या संताचं शरीर ठेवलं आहे, त्याचं आडनाव अर्थाच्या दृष्टीने 'नवघरे' आहे.

झाडांच्या नावांवर वेगळीच गोष्ट चिकटवलेली असते. परेरा म्हणजे नाशपातीचं झाड, ऑलिव्हेरा ऑलिव्हचं, कार्व्हालो ओकचं, टेशेरा यू नावाच्या सदाहरित झाडाचं. फ्रेमच्या तळाशी लहान अक्षरात येतं: 'झाडांची आडनावं धर्मांतरित ज्यूंची असतात.' हे खोटं आहे. १४९७ मध्ये पोर्तुगालातल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला चालत असलेलीच आडनावं घेतली. त्यात झाडांची होती तशी फर्नांडिस, रॉड्रिग्सही होती. परेरा तर त्याआधीपासून मातब्बर सरदारांचं नाव. नुसत्या आडनावावरून ज्यू मूळ ठरत नाही. गोव्यातल्या परेरांना तर ते लावण्यात काही अर्थच नाही. का ते पुढे येईल.

धंद्याची आडनावं उत्तर युरोपात रग्गड, पोर्तुगालात त्या मानाने कमी. लोहार घ्या: इंग्रजीत स्मिथ, जर्मनीत श्मिट, फ्रान्सात लफेव्र, इटलीत फेरारी, हंगेरीत कोव्हाच, पोलंडात कोवाल्स्की. फ्रेम त्याच माळेत फेरेरा ओवते, पण फेरेरा म्हणजे लोहार नव्हे, लोखंड निघायचं किंवा घडायचं ती जागा. मोंतेरो मात्र खरंच कामावरचं नाव: डोंगरातल्या शिकारीच्या रानाचा राखणदार.

टोपणनावांत कुलासो आमच्या मते सगळ्यात सुंदर. एकाच दाईच्या अंगावर वाढलेली दोन मुलं एकमेकांची 'कुलासो', म्हणजे दूधभाऊ. फ्रेमवर याचा अर्थ बरोबर येतो. फक्त सी अक्षराखालची शेपटी छापताना गळते आणि वाचणारा 'कोलाको' म्हणतो. त्याबद्दल पुढे. कुएल्हो ससा, पिंटो ठिपकेवाला, फुर्तादो म्हणजे चोरलेला.

मजकुराला एकूण पाचपैकी तीन गुण.

आता ढाल. इथे पैसे परत मागायला हरकत नाही. ढाल कधीच आडनावाची नसते, ती विशिष्ट घराण्याची असते. पोर्तुगालचा राजा मानुएल याने १६व्या शतकाच्या सुरुवातीला सिंत्राच्या राजवाड्यात एका दालनाच्या छतावर ७२ सरदार घराण्यांच्या ढाली रंगवून घेतल्या. त्यात सिल्वा आहेत, परेरा आहेत. सिल्वांची रुपेरी पार्श्वभूमीवर जांभळा सिंह. परेरांची लाल रंगावर फुलोरी टोकांचा, मधून पोकळ रुपेरी क्रूस. फ्रेमवर परेराच्या ढालीत नाशपातीचं झाड दिसलं, तर ती कोणीतरी अर्थावरून आता रचलेली आहे हे ओळखायला पुरावा लागत नाही. फर्नांडिस, रॉड्रिग्स, डायस यांची म्हणून जी ढाल येते, ती बहुतेक वेळा शेवटी झेड असलेल्या स्पॅनिश नावाच्या कुठल्यातरी घराण्याची असते. कॉस्टाची कित्येकदा इटालियन. यादीत देश निवडायचा रकाना असतो, काउंटरवरचा मुलगा तो भरतच नाही, आणि यंत्र पहिली सापडेल ती ढाल उचलतं. ब्रागांझाच्या फ्रेमवर मुकुटासकट राजघराण्याची ढाल येते आणि 'आपण या वंशाचे' असं वाक्यही. ढालीला शून्य गुण.

या सगळ्याहून मोठी गफलत म्हणजे हीच यादी गोव्याला जशीच्या तशी लावणं. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये. त्या शतकाच्या उत्तरार्धात सामूहिक बाप्तिस्मे झाले. साष्टीत जेज्विट पंथाचे पाद्री, बारदेशात फ्रान्सिस्कन पंथाचे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला आडनाव मिळायचं ते पाद्रिन्य म्हणजे धर्मपित्याचं, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं. धर्मपिता कधी कप्तान, कधी अधिकारी, कधी घोड्यावरून आलेला एखादा फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार. एका घरातल्या दोन भावांचे धर्मपिते वेगळे तर आडनावंही वेगळी. उलट एका वाड्यावर एकच नाव दिसतं म्हणून सगळे भाऊबंद असतीलच असंही नाही. १८व्या शतकात मिळालेल्या नव्या काबिजादीत, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत, तसं सरसकट धर्मांतर झालं नाही. म्हणून फोंड्यात आडनावांच्या शेवटचा 'कर' शिल्लक आहे आणि साष्टीत त्याच्या जागी नदी, झाड आणि लांडगा आहे.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला जुझे कुस्तोदियो द फारिया, संमोहनविद्येतलं मोठं नाव. फारिया हे उत्तर पोर्तुगालात बार्सेलुशजवळच्या एका किल्ल्याचं नाव, आणि फ्रेम तुम्हाला तो किल्ला विकेल. फारियाच्या घराचं मूळ मात्र कोलवाळच्या अनंत शेणवी नावाच्या, गावचं दप्तर सांभाळणाऱ्या सारस्वताशी जोडलं जातं. लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घराणंही पूर्वीचं सरदेसाई. आडनाव उत्तर पोर्तुगालातल्या मिन्यू प्रांताचं आणि रक्त कोलवाळचं, हे एका फ्रेममध्ये बसवायला यादीत रकानाच नाही. मंगळुरी कॅथलिकांनी निदान प्रभू, कामत, पै, शेणॉय, नायक ही जुनी नावं घरगुती म्हणून आठवणीत ठेवली. गोव्यात ती बहुधा कागदातच शोधावी लागतात.

यादीची उलटी गंमत गोव्यातल्या हिंदू नावांवर होते. पोर्तुगीज लेखनिकांनी कामत 'कामोतीं' लिहिलं, प्रभू 'पोरोबो', शेणै 'सिनाय', पै 'पोय'. जुन्या दस्तातलं स्पेलिंग जसंच्या तसं टाकलं की यंत्र त्यालाही युरोपीय समजतं, आणि सिनाय या नावाला बायबलमधला सिनाय पर्वत जोडून देतं. असं नाव असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाहीच.

मग ६,५०० चा अहवाल? कल्पना चांगली, हात कच्चे. मागतात काय: तुमचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, गाव आणि इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, नाव. देतात काय: तीन पिढ्यांचा तक्ता, दोन-तीन नोंदींच्या छायाप्रती आणि पुन्हा तोच छापील मजकूर. तक्त्यातल्या तारखा बहुतेक बरोबर असतात. चुका होतात त्या वाचनात. जुने लेखनिक आडनावं आखडून लिहीत. 'रोइझ' म्हणजे रॉड्रिग्स, 'फ्र्झ' म्हणजे फर्नांडिस, 'ग्ल्झ' म्हणजे गोन्साल्विस, 'आल्झ' म्हणजे आल्वारिस, 'पिझ' म्हणजे पिरीस. हे न कळणारा माणूस 'रोइझ' नावाचं एक नवंच घराणं काढतो, आणि पणजोबांपासून आडनाव बदलल्याचं तक्त्यात दाखवतो. शेवटचं अक्षर झेड आणि वर एखादी रेघ किंवा चढवलेलं बारीक अक्षर दिसलं की आधी संक्षेप समजावा. पहिल्या नावांचंही तसंच: 'फ्र' वर बारीक 'को' म्हणजे फ्रान्सिस्को, 'आंत' वर 'ओ' म्हणजे आंतोनियो.

दुसरी चूक बाप्तिस्म्याच्या नोंदीत. तिथे बाळाचं बहुधा फक्त पहिलं नाव असतं. आडनाव आईबापांच्या नावांवरून काढायचं. तिसरी चूक विवाहित बायकांच्या नावांत: 'फर्नांडिस इ परेरा' यातला 'इ' म्हणजे 'आणि', माहेरचं आडनाव आधी, नवऱ्याचं नंतर. अहवालात हे जोडून एकच जोडनाव केलं जातं. आणि जोडनाव खरोखर असेल तर क्रम लक्षात ठेवायचा: पोर्तुगीज पद्धतीत आईचं आधी, बापाचं शेवटी; स्पॅनिशमध्ये उलटं. यंत्र स्पॅनिश पद्धतीने पहिलं आडनाव बापाचं धरतं आणि सगळी शाखा आईकडे वळते.

हेच काम स्वतः करायचं तर वाट सरळ आहे. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून जन्मनोंदीची 'तेओर' प्रत घ्या, म्हणजे पूर्ण मजकुराची. नुसत्या सारांशाच्या दाखल्यात आजी-आजोबा नसतात. तिथून विवाहनोंद, तिच्यावरून दोघांच्या इगर्जी, मग बाप्तिस्म्याची वही. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या सक्तीच्या केल्या, तरी गोव्यातली ती अगदी पहिली पानं हाती लागतील अशी फार आशा ठेवू नये. इगर्जीत नसलेल्या जुन्या वह्यांसाठी पणजीच्या पुराभिलेखागारात विचारा. ही जागा लहानसहान नव्हे. १५९५ मध्ये दियोगु दु कौतू याला तिथला पहिला दप्तरदार नेमलं होतं, आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिची घडी बसवली.

त्याहून मोलाचा कागद म्हणजे कोमुनिदादीचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकारांच्या संस्थेचा. तुमचं घर गावकार असेल तर गावकारांच्या वहीत वांगडाप्रमाणे नोंद असते. वांगड म्हणजे मूळ पुरुषापासूनची शाखा, आणि बाप्तिस्म्याने आडनाव बदललं तरी वांगड बदलला नाही. एकाच वांगडात डिसोझा, लोबो आणि मिनेझिस शेजारी शेजारी दिसले तर ते एकाच कुळाचे आणि धर्मपिते वेगळे, असा अर्थ निघतो. कोमुनिदाद प्रशासनाची कार्यालयं पणजी, म्हापसे आणि मडगावला आहेत. ६,५०० रुपये घेणाऱ्या अहवालात वांगडाचा उल्लेखही नसावा, यावरच त्याला आम्ही पाचपैकी दीड देतो.

काही विक्रेते अहवालाच्या जोडीला 'पोर्तुगीज पासपोर्टला उपयोगी' असंही सुचवतात. फ्रेमचा किंवा या अहवालाचा त्या कामी काडीइतका उपयोग नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढवावी लागते आणि त्यासाठी मूळ दाखलेच चालतात. उलट फ्रेमवरचं स्पेलिंग पाहून कोणी पुढच्या कागदांत नाव 'सुधारून' घेतलं तर घोळच होतो: एका पिढीत झेडचं सोझा, दुसरीत एसचं, तिसरीत इंग्रजी वळणाचं, आणि तिघं बाप-लेक असल्याचं सिद्ध करत बसायचं. झेड आणि एसचा हा फरक बऱ्याच अंशी १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन सुधारणेचा. तिच्यामुळे वंश वेगळा ठरत नाही.

याच ओघात डी आणि वरचा स्वल्पविराम. डिसोझा, डिसिल्वा, डिकॉस्टा यांचं हे इंग्रजी वळण ब्रिटिश हिंदुस्थानातलं. पोर्तुगीजमध्ये ती सुटी अव्ययं: द सोझा, दा सिल्वा, दा कोश्ता, दु रोझारियो, दुश सांतुश. नाम स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, एक की अनेक, यावर दा, दु, दुश बदलतं, आणि पोर्तुगीज यादीत नाव शोधताना ते धरतच नाहीत, सोझा एसमध्ये. दुकानाच्या यंत्रात डीपासून टाइप केलं की एकतर काही सापडत नाही किंवा 'फ्रेंच उमराव' असं येतं. पोर्तुगीज 'द'मध्ये उमरावपणा काही नाही.

राहता राहिली वस्तू. कागद खरोखर चांगला, जाड, सुती पोताचा. शाई विचारून घ्या: पिगमेंट असेल तर रंग वर्षानुवर्षं टिकतो, डाय असेल तर खिडकीसमोरच्या भिंतीवर ढालीचा लाल दोन पावसाळ्यांत गुलाबी होतो. पाठीला एमडीएफ लावतात, तो गोव्याच्या हवेत फुगतो आणि कागदाला पोट येतं, फोमबोर्ड मागा. काच कागदाला थेट टेकलेली असते, म्हणून ओल धरली की कागद काचेला चिकटतो आणि काढताना अक्षर सोलून येतं. मधे माउंट घालून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा, वरचे १५०-२०० रुपये वसूल होतात. मागच्या कडा कागदी टेपने बंद करून घ्या, नाहीतर झुरळांची सोय होते. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाच्या बाजूला, टांगू नका. बुरशी मागून सुरू होते आणि पुढून दिसेपर्यंत सप्टेंबर उजाडतो. छपाई आणि चौकटीला, एवढं करून घेतल्यास, पाचपैकी चार.

घ्यायचीच असेल तर अशी घ्या. देश पोर्तुगाल निवडायला लावा. नाव अव्ययाशिवाय शोधायला सांगा आणि छापताना घरच्या दाखल्यावर आहे तसंच छापून घ्या. व्हॉट्सअॅपवर नमुना मागवा आणि मोठा करून बघा: कुलासो, गोन्साल्विस यांच्या सीखालची शेपटी, कोन्सेसांव, फाल्कांव यांच्यातल्या ए वरची लाट. वळणदार फॉन्टमध्ये ही चिन्हं नसतात, तिथे कोरा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. फॉन्ट बदलून मिळतो. ढाल काढून टाकायला सांगा, ती काढण्याचे जास्त पैसे लागत नाहीत. तिच्या जागी गावाच्या इगर्जीचं रेखाचित्र द्या, आणि 'घराण्याचा उगम' खोडून त्याऐवजी एक ओळ टाका: गाव, वाडा, आणि माहीत असेल तर वांगड. नाताळाच्या तोंडावर ऑर्डर दिली तर नमुना न दाखवताच छापतात. ऑक्टोबरात द्या, पाऊस गेलेला असतो आणि दुकानदाराला दोनदा दुरुस्ती करायला वेळही असतो.